वाजलेल्या आणि न वाजलेल्या घंटा

नोकरीच्या पहिल्या वर्षी ३३/११ केव्हीच्या एका उपकेंद्रात माझी रात्रपाळी होती. जूनचा दुसरा आठवडा, पहिला पाऊस. साडेदहाच्या सुमारास ११ केव्हीचा एक फीडर पडला, हूटर कोकलायला लागला, रिलेचा फ्लॅग खाली आलेला: अर्थ फॉल्ट. मी लाइनमन तात्यांना फोन लावला. झोपेतून उठलेल्या माणसाने तीनच प्रश्न विचारले. फ्लॅग कुठला? पाऊस कितीसा झाला? ट्रायल घेतली का?

ट्रायल घेतली होती. ब्रेकर लावताच पुन्हा पडला होता. आणि पाऊस म्हणजे नुसती भुरभुर.

“मग फांदी न्हाई साहेब. फांदी असती तर एवढ्यात जळून खाली पडली असती, लाइन उभी राहिली असती. पिन गेलीय कुठंतरी. नाल्यापलीकडचा एबी काढतो, मग चार्ज करून बघा.”

लाइन मधेच तोडणारा तो एबी स्विच उघडल्यावर लाइन उभी राहिली. म्हणजे दोष नाल्याच्या पलीकडे. पलीकडे साठ-सत्तर खांब होते, पण तात्या ते मोजत बसले नाहीत. परमिट घेतले, लाइन अर्थ केली आणि सरळ वीटभट्टीपाशी गेले. वर्षभर भट्टीचा धूर आणि राख इन्सुलेटरवर बसते. धो-धो पावसात ती धुऊन जाते, पण पहिल्या भुरभुरीत तिचा चिखल होतो आणि वीज त्यावरून वाट काढते. तिसऱ्या खांबावर पिन इन्सुलेटर पंक्चर झालेला सापडला.

तात्यांच्या डोक्यात जे घडले ते ‘जर असे, तर तसे’ अशा वाक्यांत उतरवून संगणकाला देता येईल का, हा प्रश्न १९८० च्या दशकात जगभरच्या वीज अभियंत्यांनी फार गांभीर्याने घेतला. त्यातून विद्युत जाळ्यातील बिघाडांचे निदान करणाऱ्या तज्ज्ञ प्रणाली उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहताना या विषयाकडे बहुधा दोन टोकांवरून पाहिले जाते. कोणी त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचे फसलेले पर्व म्हणून मोडीत काढतो, तर कोणी आजच्या यंत्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणून त्याला हार घालतो. मला दोन्ही पटत नाही. या कामातून निघालेली खरी गोष्ट तर्काच्या यंत्रापेक्षा साक्षीपुराव्याची आहे: जाळ्यातली कुठली घंटा वाजली यावर किती विश्वास ठेवायचा आणि वाजायला हवी असूनही जी वाजली नाही तिचे काय करायचे.

तज्ज्ञ प्रणालीची मूळ कल्पना वैद्यक आणि रसायनशास्त्रातून आली. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ साली डेंड्रलचे काम सुरू झाले, १९७० च्या दशकात तिथेच मायसिन तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचवणाऱ्या मायसिनमध्ये पाच-सहाशे नियम होते. ती प्रत्यक्ष रुग्णांसाठी कधी वापरली गेली नाही, पण तिची बांधणी पुढे सगळीकडे गेली. ज्ञान एका बाजूला, ते वापरून तर्क करणारे यंत्र दुसऱ्या बाजूला. नियम वाढवायचा तर कार्यक्रम नव्याने लिहायला नको. आणि ‘हा निष्कर्ष कसा काढलास?’ असे विचारले तर यंत्र आपली वाट दाखवते. तिसरा गुण वीज अभियंत्यांना विशेष भावला. नियंत्रण कक्षातला माणूस कारण कळल्याशिवाय ४०० केव्हीच्या ब्रेकरला हात लावत नाही.

आणि त्यांची गरजही तशीच निकडीची होती. स्काडा ही दूरदेखरेखीची संगणक यंत्रणा आल्यावर शेकडो उपकेंद्रांतले संदेश एका पडद्यावर येऊ लागले. एरवी ही सोय, पण मोठा बिघाड झाला की तीच आपत्ती. एक वाहिनी पडली की तिच्या रिलेचा संदेश, ब्रेकरचा संदेश, दाब घसरल्याचे इशारे, रोहित्रांचे इशारे, बॅटरी चार्जर बंद पडल्याचा इशारा, शेजारच्या वाहिनीवर भार वाढल्याचा इशारा. मिनिटभरात शेकडो ओळी पडद्यावरून सरकतात. त्यांतली नेमकी दुखणे सांगणारी ओळ कुठली? ब्रूस वोलेनबर्ग यांनी १९८६ साली अशा ‘शहाण्या’ इशारा-यंत्रणेची शक्यता तपासणारा निबंध लिहिला, तो या प्रश्नावरचा आरंभीचा महत्त्वाचा लेख. त्याआधी १९८३ मध्ये जपानच्या साकागुची आणि मात्सुमोतो यांनी कोलमडलेले जाळे पुन्हा उभे करण्यासाठी ज्ञानाधारित प्रणाली मांडली होती. १९८६ मध्येच फुकुई आणि कावाकामी यांनी रिले आणि ब्रेकरच्या संदेशांवरून दोष जाळ्याच्या कुठल्या तुकड्यात आहे हे शोधणारी प्रणाली दाखवली, तर कार्नेगी मेलन विद्यापीठात सरोश तालुकदार आणि त्यांचे सहकारी ‘ऑपरेटरचा मदतनीस’ घडवत होते. १९८८ साली स्टॉकहोमला या विषयावरचा खास आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. विषय तेव्हा इतका जोरात होता.

दोष कुठल्या तुकड्यात आहे हे शोधायचे म्हणजे काय करायचे, ते एका उदाहरणावर सावकाश पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

अ आणि ब ही दोन उपकेंद्रे, त्यांच्यामध्ये एक पारेषण वाहिनी. ब मधून आणखी दोन वाहिन्या क आणि ड कडे जातात. अ–ब वाहिनीच्या मध्यावर वीज कोसळून दोष झाला. दोन्ही टोकांना डिस्टन्स रिले आहेत. दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष किती लांब आहे याचा अंदाज घेणारे हे उपकरण. त्याचा पहिला टप्पा, म्हणजे झोन १, वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबीपर्यंत पाहतो आणि लगेच ब्रेकर उघडायला सांगतो. झोन २ पलीकडच्या उपकेंद्राच्या जरा पुढेपर्यंत पाहतो, पण सेकंदाचा तिसरा-चौथा हिस्सा थांबून. झोन ३ आणखी लांब पाहतो आणि आणखी थांबतो. शेजाऱ्याने आपले काम केले नाही तरच आपण उठायचे, असा हा शिष्टाचार.

अ च्या टोकाला झोन १ चालला, ब्रेकर उघडला. ब च्या टोकालाही झोन १ चालला, पण तिथला ब्रेकर अडकला. मग ब मधली ब्रेकर-अपयश यंत्रणा, आपल्याकडे अभियंते जिला एलबीबी म्हणतात ती, सुमारे २०० मिलिसेकंद वाट पाहून त्या बसवरचे, म्हणजे उपकेंद्रातल्या वाहिन्या जिला जोडलेल्या असतात त्या सामाईक पट्टीवरचे, बाकीचे सगळे ब्रेकर उघडते. क आणि ड च्या वाहिन्या ब च्या बाजूने तुटल्या, बस मृत झाली. आता नियंत्रण कक्षात काय दिसते? अ: झोन १, ब्रेकर उघडा. ब: झोन १, अ कडचा ब्रेकर बंदच, म्हणजे जोडलेलाच, क आणि ड कडचे उघडे, बसवर दाब शून्य. आणि समजा, एलबीबी चालल्याचा संदेश वाटेत हरवला. संदेश हरवणे ही काही अपूर्वाई नव्हे.

कक्षातल्या घाबरलेल्या माणसाला वाटते, ब ची बसच गेली. साहजिक आहे, सगळा अंधार तिथेच आहे. तज्ज्ञ प्रणाली दोन गृहीतके समोरासमोर ठेवते. पहिले: वाहिनीवर दोष. ते खरे मानले तर दोनच गोष्टी बिनसलेल्या निघतात, एक ब्रेकर अडकला आणि एक संदेश हरवला. दुसरे: बसवर दोष. ते खरे मानायचे तर बसच्या डिफरन्शियल रिलेचा संदेश यायला हवा होता, आला नाही. अ च्या रिलेने झोन २ सांगायला हवा होता, त्याने झोन १ सांगितला. ब चा वाहिनीवरचा रिले चालायलाच नको होता, कारण बस त्याच्या पाठीमागे आहे. आणि अ कडचा ब्रेकर तरीही अडकलेलाच. चार साक्षीदार खोटे ठरवावे लागतात. दोन विरुद्ध चार. निवाडा: दोष वाहिनीवर, बस निरोगी, अडकलेला ब्रेकर आयसोलेटर उघडून वेगळा करा आणि क कडून बस चार्ज करा.

या दोन गृहीतकांत ‘आलेले’ संदेश जितके कामाचे, तितकेच ‘न आलेले’. सुरुवातीच्या नियमाधारित प्रणाली नेमक्या इथे कच्च्या होत्या. ‘हा रिले चालला आणि हा ब्रेकर उघडला, तर दोष इथे’ अशा नियमांत एक कडी तुटली की अख्खा नियम गप्प बसतो. त्यामुळे अपवादांचे नियम, मग अपवादांच्या अपवादांचे नियम असे शेपूट वाढत गेले. दुसरी डोकेदुखी जाळ्याची. वीजजाळे म्हणजे चालते-बोलते प्रकरण. आज बस-कपलर बंद, उद्या उघडा, परवा नवी वाहिनी, तेरवा रिलेची सेटिंग बदललेली. जाळ्याची रचना नियमांतच विणलेली असेल तर प्रत्येक बदलाला नियम उसवावे लागतात. हे काम करणार कोण? ज्या संशोधकाने प्रणाली लिहिली तो डॉक्टरेट घेऊन गेलेला असतो. माझ्या मते यातल्या अनेक प्रणाली तर्क चुकला म्हणून बंद पडल्या नाहीत. त्यांना रोज पाणी घालणारा माणूस कोणी नेमला नाही, म्हणून त्या वाळल्या.

ज्यांनी हे ओळखले त्यांनी वाट बदलली. नियमांऐवजी जाळ्याचे आणि संरक्षणाचे प्रतिमान ठेवायचे आणि त्यावरून ‘दोष इथे असता तर काय काय व्हायला हवे होते’ हे दर वेळी नव्याने काढायचे. फुशुआन वेन आणि झेनशियांग हान यांनी १९९५ च्या सुमारास याच विचाराला गणिताचे रूप दिले: अपेक्षित आणि आलेल्या संदेशांतली तफावत कमीत कमी करणारे गृहीतक शोधा, शोधायला जनुकीय अल्गोरिदम वापरा. वर केलेली दोन विरुद्ध चारची मोजणी हेच काम आहे, फक्त हातापायांच्या बोटांवर. मज्जातंतू जाळी, फझी तर्क, पेट्री जाळी, बेझची संभाव्यता यांवरही त्या दशकात ढिगाने निबंध आले. बहुतेकांची चाचणी छोट्या कागदी जाळ्यावर झाली. त्यांबद्दल इथे अधिक लिहिण्यासारखे मला फार सापडत नाही.

प्रत्यक्ष कक्षात बसलेल्या प्रणाली जास्त शिकवून जातात. पोर्तुगालच्या पारेषण जाळ्यासाठी झालेल्या स्पार्स या प्रणालीला वेळेशी झगडावे लागले. संदेश घडलेल्या क्रमाने येत नाहीत. निष्कर्ष काढून झाल्यावर उशिरा आलेला एखादा संदेश तो उलटवतो, म्हणून यंत्राला आपले म्हणणे मागे घेता यायला हवे. स्पेनमध्ये इबर्द्रोलासाठी आर्कन प्रकल्पात केलेली व्यवस्था मला सर्वांत शहाणी वाटते. तिथे निदान करणारे दोन स्वतंत्र कार्यक्रम होते, दोघांचा माहितीचा स्रोत वेगळा, आणि दोघे आपापले संशयित एकमेकांशी ताडून पाहत. एकाच साक्षीवर फाशी नाही, हे तत्त्व.

तज्ज्ञ प्रणालीचा खरा संसार मात्र नियंत्रण कक्षापेक्षा यंत्रांच्या दुखण्यांत सुखाचा झाला. वेस्टिंगहाउसने १९८० च्या दशकात जेनएड ही प्रणाली बसवली. ऑर्लँडोत बसून टेक्सासमधल्या जनित्रांची नाडी पाहायची. रोहित्रांचे उदाहरण तर घरचे. तेलाने भरलेल्या रोहित्रात दोष होऊ लागला की तेल तापून किंवा ठिणगीने फुटते आणि त्यातून वायू निघतात. ते वायू अडवून इशारा देणारा बुकहोल्झ रिले १९२० च्या दशकापासून रोहित्रांवर बसतो आहे. पण दोष तितका पिकण्याआधीच तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर विरघळलेले वायू दुखणे सांगतात. मिथेन अधिक असेल तर सौम्य ताप, एथिलीन असेल तर तेल फार तापले आहे, ॲसिटिलीन दिसले की आत ठिणग्या उडत आहेत. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेतले मिशेल दुव्हाल यांनी १९७० च्या दशकात या तीन वायूंच्या टक्केवारीचा एक त्रिकोण आखला. तीन आकडे काढा, त्रिकोणात ठिपका ठेवा, तो ज्या खणात पडेल ते दुखणे. आज कुठल्याही वीज कंपनीच्या चाचणी विभागात हा त्रिकोण ठाऊक असतो. शेकडो उघडून पाहिलेल्या रोहित्रांचे शहाणपण एका आकृतीत मावले, आणि ती आकृती वापरणाऱ्याला आपण तज्ज्ञ प्रणाली वापरतो आहोत हे कळतही नाही. इथे ती टिकली, कारण रोहित्राची रचना रोज बदलत नाही आणि निदानाला दोन दिवस लागले तरी चालतात.

जाळ्याला ती सवड नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओत सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्या दुपारी ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली इशारा-यंत्रणाच २ वाजून १४ मिनिटांनंतर मुकी झाली. सॉफ्टवेअरमधला दोष होता. पुढे ३ वाजून ५ मिनिटांपासून एकेक करून ३४५ केव्हीच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून पडल्या. कक्षात एकही घंटा वाजली नाही, आणि घंटा नाही म्हणजे सगळे ठीक, असे कक्षातले लोक धरून चालले. शेजारच्या कंपन्या फोन करून सांगत होत्या, तरी खरे वाटायला वेळ लागला. त्याच दुपारी प्रादेशिक समन्वय केंद्रात जाळ्याच्या स्थितीचा अंदाज घेणारा कार्यक्रम चुकीची उत्तरे देत होता. एका विश्लेषकाने तो दुरुस्त केला, पण आपोआप चालण्याची कळ पुन्हा दाबायला विसरला आणि जेवायला गेला. कितीही हुशार निदान प्रणाली त्या दिवशी काय करणार होती? तिचे कान याच यंत्रणांना जोडलेले असणार. ‘आता बराच वेळ काहीच आले नाही, हे संशयास्पद आहे’ असे म्हणणारा एक नियम मात्र उपयोगी पडला असता. वर्दळीच्या जाळ्यात तासभर शांतता हाही एक संदेशच.

त्या दिवशी शेवटचा धक्का सॅमिस–स्टार या वाहिनीने दिला. ४ वाजून ५ मिनिटे ५७ सेकंदांनी ती झोन ३ वर पडली, आणि तिच्यावर दोष नव्हताच. भार इतका वाढला आणि दाब इतका घसरला की रिलेला ते दूरवरच्या दोषासारखे दिसले. १९६५ च्या ९ नोव्हेंबरला न्यूयॉर्कसह ३ कोटी लोकांना अंधारात ढकलणारी सुरुवातही नायगाऱ्याजवळच्या सर ॲडम बेक केंद्रातल्या एका बॅकअप रिलेने केली होती. तिथेही दोष नव्हता, भार होता.

आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे जाळे कोसळले ते याच वळणाने. बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी झोन ३ वर पडली. जोडीची दुसरी वाहिनी दर्जावाढीच्या कामासाठी बंद होती, सगळा भार हिच्यावर आलेला, आणि नोंदींत दोषाची खूण नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता तीच वाहिनी पुन्हा तशीच पडली आणि उत्तर, पूर्व, ईशान्य अशी तिन्ही जाळी बसली. सुमारे ६० कोटी लोकांच्या वस्तीला झळ लागली. पश्चिम जाळे दोन्ही दिवस तरले, म्हणून महाराष्ट्रात दिवे होते. ‘रिले चालला म्हणजे दोष आहे’ हा तज्ज्ञ प्रणालीचा सर्वांत पायाभूत नियम. नेमका तो या चारही दिवशी खोटा ठरला असता. म्हणून आता सेकंदाला २५ ते ५० वेळा दाब-प्रवाहाचे कोन मोजून पाठवणाऱ्या पीएमयूंचे जाळे देशभर विणले जात आहे. रिले काय म्हणतो एवढ्यावर न थांबता त्या क्षणी विजेची लाट खरोखर कशी होती हे पाहता यावे, हा त्याचा उपयोग.

आणि निदान नेहमी एकमताने संपते असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा–पडघे परिसरातल्या ४०० केव्ही वाहिन्या पडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई थबकली. लोकल जागीच थांबल्या, शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून जिवंत ठेवणारी आयलंडिंग व्यवस्था टिकली नाही. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकार सायबर हल्ल्याचा संशय बोलून दाखवत होते आणि केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणत होते. सारे लॉग हाताशी, आणि पाच महिन्यांनीही गृहीतके दोन.

पुढचा पेच वेगळाच आहे. आजवरचे सगळे नियम एका गोष्टीवर उभे होते: दोष झाला की जनित्रे मूळ क्षमतेच्या कित्येक पट प्रवाह ओततात, आणि तो पूर रिलेला सहज दिसतो. सौर प्रकल्पांतले इन्व्हर्टर स्वतःला जपतात. दोषातही ते क्षमतेच्या दीडपटीच्या आतच राहतात. प्रवाहाचा आकारही त्यांच्या सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो. राजस्थान-गुजरातच्या सौर पट्ट्यांशी जोडलेल्या वाहिन्यांवर जुना झोन १ किती खरे बोलेल, हा संरक्षण अभियंत्यांचा रोजचा वाद झाला आहे. अनुभवी माणसाच्या डोक्यातले नियम उतरवायचे म्हटले, तर या नव्या जाळ्याचा अनुभव असलेला तात्या अजून तयार व्हायचा आहे.

त्यामुळे सगळा भर आता नोंदींतून शिकणाऱ्या यंत्रांवर गेला आहे. मोठ्या उपकेंद्रांतल्या नोंदी मिलिसेकंदापर्यंत नेमक्या, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेल्या असतात. तिथे मला आशा वाटते. खालच्या जाळ्यात, जिथे लोकांची वीज खरी जाते तिथे, यंत्राला शिकवायला आहे ते ट्रिपिंग रजिस्टर. तारीख, वेळ, फीडर, फ्लॅग, किती वेळ बंद, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. तो रकाना पहाटे चार वाजता, पाळी संपवायच्या घाईत भरला जातो. मी भरला आहे. ट्रायलला लाइन उभी राहिली की ‘ट्रान्झियंट’, वारा असेल तर ‘झाड’, काहीच सुचले नाही तर वरच्या ओळीखाली दोन टिंबे.

त्या जूनच्या रात्री तात्या दीड वाजता चिखलाने भरलेले पाय घेऊन परत आले, फुटका पिन इन्सुलेटर टेबलावर ठेवला आणि चहा मागितला. मी रजिस्टर ओढले आणि ‘कारण’ या रकान्यात लिहिले: पाऊस.